कातळाखालचे ठोके

बायडाबाईचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. चार भाकरी थापायला पंचवीस मिनिटं, शेळीला पाला टाकायला पाच. मग पाण्यापर्यंतचा उतार. धरण भरलेलं असलं तर सहा मिनिटं, आणि मे महिन्यात पाणी खाली गेलं की भेगाळलेल्या गाळातून अर्धा तास. खांद्यावर वल्हं, डोक्यावर जाळं. ओलं जाळं अकरा किलो भरतं. मी ते उचलून पाहिलं आहे.

मी या धरणावर एकतीस वर्षं मजुरी केली. दारांना ग्रीस लावलं, कालव्याचा गाळ उपसला. कोण राबतं आणि कोण राबण्याचं सोंग करतं, हे मला लांबून कळतं. बायडाबाई राबणारी. तिच्याबद्दल वस्तीत आता दोन तऱ्हेनं बोललं जातं, म्हणून झालं ते क्रमानं लिहितो. काही मी पाहिलं, काही तिनंच सांगितलं.

आमची कातळवाडी शिनोलीच्या पुढं, भीमाशंकरचा रस्ता सोडून आत आहे. घरं पंचेचाळीस. जमिनी पाण्याखाली गेल्यावर निम्म्या घरांनी जाळी धरली. बायडाबाईचा नवरा सोपान त्यांतलाच. चार वर्षांपूर्वी होडी गाळातून ओढताना त्याच्या पाठीचा मणका सरकला. आठ दिवस तो पडून राहिला. नवव्या दिवशी बायडाबाईनं वल्हं उचललं. तोपर्यंत या पाण्यावर कुठल्या बाईनं होडी वल्हवली नव्हती. महिनाभर लोक हसले, मग हसायचे थांबले, कारण तिची होडी सगळ्यांत आधी सुटायची आणि सगळ्यांत शेवटी लागायची.

फेब्रुवारीत पुण्याच्या एका संस्थेकडून श्रेया नावाची मुलगी आली. वय अठ्ठावीस, पायांत गमबूट, डोक्यावर उन्हाची टोपी. तिला धरणातले मासे कुठून कुठं जातात हे शोधायचं होतं. मत्स्य खात्याला एक प्रश्न पडला होता. पंधरा जून ते पंधरा ऑगस्ट मासेमारी बंद असते. नदीला पहिलं लाल पाणी आलं की पोटात अंडी असलेले मासे धरणातून वर, नदीच्या मुखाकडं चढतात. आम्ही त्याला चढण म्हणतो. त्या दिवसांत मुखाला जाळं लावलं तर पोतंभर मासा मिळतो, आणि पुढच्या वर्षी काही मिळत नाही. म्हणून बंदी. पण दोन महिने घरात एक पैसा येत नाही. मच्छीमारांची सोसायटी दरवर्षी अर्ज करायची, बंदी कमी करा. खातं म्हणालं, आधी धरणात मासा किती टिकतो ते मोजू, मग ठरवू.

श्रेयानं चाळीस मासे धरवले. रोहू आणि कटला, प्रत्येक दीड किलोच्या वरचा. टबातल्या पाण्यात गुंगीचं औषध घालून ती मासा उताणा धरायची, पोटाला दोन बोटं चीर द्यायची, आत करंगळीच्या पेराएवढी काळी कांडी सरकवायची आणि तीन टाके घालायची. एका माशाला सहा मिनिटं. हात स्वच्छ चालायचा. प्रत्येक कांडीला आपला नंबर. ती पाण्यात दीड-दोन मिनिटांनी एकदा ठोके टाकायची, माणसाच्या कानाला न येणारे. धरणात आठ ठिकाणी तरंग्याखाली यंत्रं टांगली होती. तीनचारशे मीटरच्या आत कांडी आली की यंत्र नंबर आणि वेळ लिहून ठेवायचं. ते सगळं संगणकात घातलं की मासा कुठून कुठं गेला, किती मासे जगले, याचा हिशेब निघायचा. बाहेरून ओळखू यावा म्हणून प्रत्येक माशाच्या पाठीच्या पराला पिवळा दोरा बांधला होता. पिवळ्या दोऱ्याचा मासा मिळाला तर सोसायटीत कळवा, बक्षीस मिळेल, असा कागद तिनं सोसायटीच्या दाराला चिकटवला.

यंत्रांपर्यंत जायला होडी लागायची, पण इंजिनाची नको. इंजिनाच्या आवाजात यंत्र बहिरं होतं. दोन गडी लावून पाहिले. एक अर्ध्यात दमला. दुसरा दमला नाही, पण सारखा मोबाईलवर गाणी लावायचा. मग सोसायटीचा चेअरमन धर्माजी म्हणाला, "आपली बायडावैनी हाय की. तिला ना गाणं लागतं ना तंबाखू."

आठवड्यातून दोन दिवस काम. आठ यंत्रांचा फेरा साडेअकरा किलोमीटर. बायडाबाई तो सव्वातीन तासांत मारायची, वाऱ्याविरुद्ध असेल तर चार. मजुरी ती हातात घेत नव्हती. "मॅडम, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. घरात आलं की जातं," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. पोस्टात तिच्या नावाचं खातं श्रेयानंच उघडून दिलं.

मार्चमध्ये श्रेयानं तिच्या हातात ऐकायची काठी दिली. लांब दांड्याच्या टोकाला काळं बोंड, वर कानाला लावायचा पट्टा, आणि एक छोटी पेटी. बोंड पाण्यात बुडवायचं, हळूहळू फिरवायचं. ज्या दिशेला ठोके मोठे येतात तिकडं मासा. पेटीवर नंबर दिसतो.

"मावशी, हे बघ, तेवीस नंबर. ऐकू येतंय?"

"येतंय की. घड्याळ गिळल्यावानी करतंय."

"कुठल्या बाजूला आहे?"

बायडाबाईनं डोळे मिटले, काठी फिरवली आणि हात दाखवला. नंतर तेवीस नंबर त्याच बाजूला, दोन-अडीचशे मीटरवर सापडला. तेव्हापासून काठी तिच्याकडं आणि वही श्रेयाकडं.

तिला ठोक्यांची सवय झाली. चालणारा मासा कसा वाजतो ते तिला कळू लागलं. ठोका मोठा होतो, लहान होतो, एका अंगानं येतो, दुसऱ्या अंगाला जातो. रोहू एका जागी थांबत नाही. तो चरत असतो, शेळीसारखा.

वस्तीच्या खाली पाण्यात घुसलेला एक काळा कातळ आहे. त्याला आम्ही खवल्यांचा कातळ म्हणतो, कारण बायका तिथं मासे साफ करतात आणि त्याच्यावर बारमाही खवले चिकटलेले असतात. कातळाच्या पलीकडं पाणी एकदम खोल, मे महिन्यातही बावीस मीटर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बायडाबाईनं तिथं काठी बुडवली तर एकतीस नंबर वाजला. चार दिवसांनी परत तोच, त्याच जागी. शिवाय बारा नंबर. आठवड्यानं एकतीस, बारा, सात, छत्तीस.

श्रेया खूश झाली. "मावशी, या कोपऱ्यात मासे जमतायत. खोल आणि गार पाणी. उन्हाळ्यात इथं आसरा घेतायत."

बायडाबाईनं वल्हं पाण्यात घातलं. तिनं होडी कातळाभोवती गोल फिरवली. पुन्हा फिरवली. कुठूनही काठी लावली तरी ठोके एकाच ठिकाणाहून येत होते. समोरच्या वडाच्या आणि बुडालेल्या गावच्या चौथऱ्याच्या रेषेत, कातळापासून दोन वल्ह्यांवर. सकाळी तिथंच, दुपारी तिथंच. वारा असला किंवा माझ्या जागी आता असलेला गडी कालव्याचं दार उघडत असला की आवाजात ठोके दबायचे, यंत्राला वाटायचं मासे गेले. दार बंद झालं की परत ऐकू यायचे, यंत्राला वाटायचं मासे आले. संगणकाला ते जगणं दिसत होतं. बायडाबाईला ते बरं वाटेना. तिनं मला नंतर सांगितलं, "त्या जागी होडी नेली की माजं वल्हं जड व्हायचं. खाली कुनीतरी बसलंय आन् दार वाजवतंय, आसं वाटायचं."

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. कातळाखाली नवा नंबर यायचा तो नेहमी बाजाराच्या आदल्या दिवशी.

एप्रिलच्या शेवटी अशाच एका दिवशी फेरा झाल्यावर ती घरी गेली नाही. कातळावर जाऊन बसली. चिमाबाई तिथं मासे साफ करत होती. चिमाबाई आमच्या वाडीतली सर्वांत जलद हाताची बाई. भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या हॉटेलांना बाजाराच्या दिवशी साफ केलेला मासा लागतो, तो आदल्या दिवशी तिच्या हातनं साफ होतो. विळीवर मासा आडवा, एक चीर, अंगठा आत, एका ओढीत सगळं बाहेर. मोजून चाळीस सेकंद.

"काय गं बायडे, आज मॅडमनं सुट्टी दिली काय?" चिमाबाई मान वर न करता म्हणाली.

"बसली जरा. पाय लई ओढत्यात."

"पाय ओढत्यात का मासा बघाया आलीस? एक देत नाय म्हनून सांगते."

बायडाबाई हसली नाही. ती चिमाबाईच्या हाताकडं बघत होती. आतडी, कल्ले, पित्ताशय, सगळा लगदा चिमाबाईनं जुन्या जाळ्याच्या तुकड्यात टाकला, वर नारळाएवढा दगड ठेवला, गाठ मारली आणि गाठोडं कातळाच्या पलीकडं सोडलं. डुबूक. बुडबुडे आले आणि थांबले.

ही रीत आमच्याच वाडीची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत बायका हे सगळं काठावर टाकायच्या. मग बिबट्या येऊ लागला. वासावर आधी कुत्री यायची, कुत्र्यांमागं तो. एका संध्याकाळी त्यानं चिमाबाईच्या अंगणातली शेळी नेली, तिचा नातू शेळीपासून पाच हातांवर होता. तेव्हापासून बायकांनी ठरवलं, काठावर काही राहू द्यायचं नाही. दगड बांधायचा आणि खोल सोडायचं. पुन्हा वर येणार नाही, वास येणार नाही. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीच काढलेली युक्ती, आणि चांगली युक्ती. बिबट्या त्यानंतर काठावर दिसला नाही.

"चिमे," बायडाबाई म्हणाली, "पिवळ्या दोऱ्याचा मासा तुज्याकडं येतो का?"

चिमाबाईचा हात थांबला. "दोऱ्याचा कशाला यील? गडी होडीतच दोरा तोडत्यात. व्यापारी घेत न्हाई ना तसला. म्हनतो, औषध टोचल्यालं मासं माज्या गळ्यात मारता व्हय? तुजा सोपान येत व्हता तवा त्यानंबी दोन तोडलं. तुला ठावं न्हाई?"

सोपान मार्चमध्ये पंधरा दिवस होडीवर गेला होता, पाठ जरा बरी होती म्हणून.

"आन् पोटात काय लागतं का? काळं, करंगळीवानी?"

"अगं, मी काय आत दिवा लावून बगती का? हाताला येतं ते काढते, गाठ मारते, सोडते." मग चिमाबाईनं विळी बाजूला ठेवली. पाण्याकडं पाहिलं. "का गं? काय हाय तिथं?"

"काय न्हाई," बायडाबाई म्हणाली आणि उठली.

खाली काय आहे ते तिला कळलं होतं. मासे मेले होते, खाल्लेही गेले होते. त्यांच्या पोटातल्या कांड्या दगडाच्या गाठोड्यात बसून ठोके टाकत होत्या. बॅटरी दीड वर्षाची होती. दीड वर्ष ते मासे संगणकात जगणार होते.

घरी तिनं सोपानला विचारलं. तो भिंतीला टेकून बसला होता.

"तोडलं दोन दोरं. सगळेच तोडत व्हते. मग?"

"मॅडमला सांगाया लागंल."

"सांग. मग धर्माजी इचारंल कुनी तोडलं. खातं मासं धरायचा पास काढून घेईल. पास माज्या नावावर हाय, बायडा. पास गेला तर ह्या घरात काय ऱ्हातं?"

"मासं संपत आलंत, आवं. मशीनला वाटतं जित्तं हायेत. बंदी उठली तर चढनीला काय ऱ्हाईल?"

"तुला काय म्हाईत संपत आलंत? तू काय पान्याखाली जाऊन आलीस?"

ती गप्प बसली. तीन आठवडे गप्प बसली. फेरे मारले, काठी बुडवली, नंबर सांगितले. कातळाखालचे नंबर नऊ झाले, तेरा झाले, सतरा झाले. प्रत्येक नंबर वहीत जिवंत म्हणून चढला, आणि तो तिच्या तोंडून चढला. हे तीन आठवडे मी तिच्या बाजूनं धरणार नाही. तीही धरत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीत बैठक झाली. खात्याचे साहेब आले होते. श्रेयानं पडद्यावर नकाशा दाखवला. चाळीसपैकी एकोणतीस मासे जिवंत. त्यांतले सतरा खवल्यांच्या कातळापाशी, लाल ठिपका, बशीएवढा. अकरांचा पत्ता नाही, ते पकडले गेले असावेत. टिकण्याचं प्रमाण चांगलं. या हिशेबानं बंदी दोन महिन्यांऐवजी पंधरा दिवस ठेवली तरी चालेल, असं मॉडेल सांगतंय.

टाळ्या पडल्या. धर्माजी उभा राहिला. "आमी धा वर्सं हेच सांगत व्हतो. आता मशीनबी आमच्याच बाजूनं बोललं."

बायडाबाई मागं दाराशी उभी होती. ती म्हणाली, "त्ये सतरा मेलेत."

सगळे वळले.

"कातळाखाली मासं न्हाईत. पोटातल्या कांड्या हायेत. आमच्याच बायकांनी सोडल्यात, आतड्यासंगं, दगड बांधून. दोरं आदीच तोडलेत."

कुणीतरी हसलं. धर्माजीनं हात वर केला. "वैनी, तुमी होडी चांगली वल्हवता. संगणकबी वल्हवाया लागला काय?"

आता सगळेच हसले. सोपान पुढच्या रांगेत होता. तो हसला नाही, पण मागं वळूनही पाहिलं नाही.

"कुनी तोडलं दोरं? नाव घ्या की," धर्माजी म्हणाला.

बायडाबाईनं नाव घेतलं नाही.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पुरावा असेल तर द्या. प्रस्ताव आजच पाठवायचा आहे."

श्रेयाचा चेहरा मी पाहिला. ती पडद्यावरच्या लाल ठिपक्याकडं बघत होती, आणि तिला पटत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायडाबाईनं विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ घेतला. चार आकड्यांचा, सव्वादोन किलोचा. त्याला तीस मीटर दोर बांधला. कातळाच्या पलीकडं होडी उभी केली, गळ तळाला सोडला, दहा हात ओढला, वर घेतला. एका खेपेला चार मिनिटं. गाळानं भरलेला गळ नऊ-दहा किलो होतो, आणि तो बावीस मीटर खालून हातानं ओढायचा. पहिल्या दिवशी पंचावन्न खेपा. चार गाठोडी वर आली. दुसऱ्या दिवशी एकसष्ट खेपा, नऊ गाठोडी. तळहाताची कातडी गेली तेव्हा तिनं जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या. तिसऱ्या दिवशी मी गेलो. मी दोर धरला, तिनं होडी धरली. माझं वय अडुसष्ट. मी चौदा खेपा ओढल्या आणि बसलो. तिनं बाकीच्या चव्वेचाळीस ओढल्या.

गाठोडी उघडायचं काम वाईट होतं. आतडी कुजून काळी झाली होती, बोट लावलं की विरघळायची. वास असा की उलटी होते. चिमाबाई दुपारी काठावर आली, उभी राहिली, मग पदर नाकाला बांधून शेजारी बसली आणि उघडू लागली.  सव्वीस गाठोड्यांतून नऊ कांड्या निघाल्या. बायडाबाईनं त्या पाण्यानं धुऊन पावडरच्या डब्यात ठेवल्या. डबा कानाला लावला तर काही ऐकू येत नव्हतं.

श्रेयानं नऊही नंबर ताडून पाहिले. सगळे लाल ठिपक्यातले.

"मावशी, तुला कधी कळलं हे?"

"एप्रिलमदी."

"मला तरी कळायला हवं होतं. एवढे दिवस एका जागी कुठला मासा बसतो? मी नकाशाच बघत बसले." तिनं त्याच दिवशी संगणकात हिशेब पुन्हा घातला. चाळीसपैकी जिवंत बारा. बंदी पुरती ठेवावी, मुखाला जाळं लावू देऊ नये, असं तिनं लिहिलं. ते घेऊन ती बायडाबाईसोबत घोडेगावच्या कचेरीत गेली, तिथून पुण्याला. जिथं तिथं एकच उत्तर मिळालं. आदेश निघाला आहे. दुरुस्तीचा प्रस्ताव पुढच्या बैठकीत घेऊ. पुढची बैठक सप्टेंबरात होती.

जूनच्या शेवटाला बंदीचे पंधरा दिवस संपले. पाऊस त्या वर्षी उशिरा आला, तो नेमका बंदी संपल्यावर. नदीला लाल पाणी आलं. मुखाशी दोन्ही काठांना खुंट ठोकले होते, एकावर एक सहा जाळी. त्यांत दोन बोटी जाळीही होती, म्हणजे दोन बोटं रुंद भोकांची, जिच्यातून हातभर काय, वीतभर मासाही सुटत नाही.

श्रेयाचं काम अजून चालू होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती आणि बायडाबाई होडी घेऊन मुखाच्या खाली थांबल्या. बायडाबाईनं काठी बुडवली. धरणातले उरलेले बाराही तिथं आले होते. नंबर एकामागोमाग पेटीवर उमटत होते. तेवीस, चार, चाळीस. ठोके वरच्या दिशेला चालले होते.

काठावर गडी उभे होते. कुणीतरी ओरडलं, "बायडावैनी, सांगा की कुठं हायेत! तेवडंच जाळं तिकडं सरकवतो!"

"तुजं जाळं बराबर जागी हाय, राव," ती म्हणाली. "काय सरकवाया नगं."

चाळीस नंबरचा ठोका मोठा होत होता, आणि मधेच तुटला. पाण्याबाहेर काढलेला मासा यंत्राला ऐकू येत नाही. दीड मिनिट गेलं, तीन मिनिटं गेली. पेटीवर नंबर उमटला नाही. काठावर आरडाओरडा झाला, मोठा मासा होता, चार किलोचा. पोट अंड्यांनी तट्ट. मग चार नंबर तुटला. दुपारपर्यंत पाच. बायडाबाईनं पट्टा कानावरून काढला नाही. श्रेया म्हणाली, "मावशी, पुरे. चल." ती म्हणाली, "लिवा तुमी. येळ लिवा." आठ दिवसांत बारांपैकी दहा गेले. तेवीस नंबर शेवटून दुसरा गेला.

त्या दिवसांत चिमाबाई प्रत्येक माशाच्या पोटात बोट घालून बघायची. आठव्या दिवशी संध्याकाळी तिनं बायडाबाईच्या दारात येऊन मूठ उघडली. सहा कांड्या.  तिनं त्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि गेली.

तो महिना वाडीत चैनीचा गेला. दोन घरांत नवे मोबाईल आले. धर्माजी भेटला की म्हणायचा, "वैनी, कुठंय तुमचा दुष्काळ?" बायडाबाईनं मुखाला जाळं लावलं नाही. सोपान रोज तेच बोलायचा, सगळे मिळवतात, आपणच येडे. ती भाकरी वाढायची आणि उठायची.

सप्टेंबरात बैठक झाली. बंदी पुन्हा दोन महिन्यांची झाली, दोन बोटी जाळीवर बंदी आली. कागद बरोबर होता. ऑक्टोबरात जाळी लावली तेव्हा माशांची बोटभर पोरं दिसायला हवी होती, ती दिसली नाहीत. डिसेंबरात बायडाबाईनं सलग एकोणीस दिवस जाळं टाकलं. पहाटे पावणेपाचला पाण्यावर, साडेदहाला परत. एकोणीस दिवसांत तिला साडेसहा किलो मासा मिळाला, त्यातला निम्मा मरळ. रोहू एकही नाही. जानेवारीत निम्म्या होड्या काठावर उलट्या झाल्या. गडी नारायणगावच्या बाजारसमितीत हमालीला जाऊ लागले. धर्माजीनं आपली जाळी खोडदकडच्या एका शेतकऱ्याला द्राक्षबागेवर टाकायला विकली.

लोकांत दोन मतं आहेत ती अशी. अर्धे म्हणतात, बायडाबाईनं एप्रिलमध्ये तोंड उघडलं असतं तर हे झालं नसतं. अर्धे म्हणतात, तिनं मशीनचं सांगून अवदसा आणली. पहिल्यांचं खरं आहे, पण त्या अर्ध्यांत दोरे तोडणारे सगळे आहेत.

श्रेया फेब्रुवारीत सामान न्यायला आली. यंत्रं पाण्याबाहेर काढली, तरंगे सोडवले. शेवटचा फेरा बायडाबाईनंच मारला. कातळाखाली राहिलेले ठोके सोडले तर त्या फेऱ्यात काठीला एकच नंबर लागला, एकोणीस, नदीच्या मुखापासून लांब, धरणाच्या भिंतीजवळ. तो हलत होता. श्रेयानं तो वहीत लिहिला. नंतर पोस्टाचं पुस्तक बायडाबाईच्या हातात दिलं. वर्षभराचे फेरे, दर फेरा साडेअकरा किलोमीटर, सगळे त्यात होते.

आता बायडाबाई शिनोलीच्या फाट्यावर बसते. धरण पाठीमागं दिसतं. भीमाशंकरला जाणारे गाडी थांबवतात आणि विचारतात, "मावशी, धरणातला ताजा आहे ना?"

"न्हाई, पावणं," ती म्हणते. "ट्रकातला हाय. लांबून आलाय. बर्फ बघा अन् घ्या."

निम्मे लोक गाडी पुढं काढतात. खोटं बोलली असती तर ते थांबले असते, हे तिला माहीत आहे. बर्फ ठेवायला जाड भिंतीचा निळा डबा, वजनकाटा, आणि परक्या धरणातला पहिला वीस किलो मासा. पोस्टातली सगळी मजुरी यांतच गेली.